पाचव्या प्रश्नाचे बरोबर उत्तर

२००८ च्या एप्रिलमध्ये लागलेल्या निकालात, जालना केंद्राच्या दुसऱ्या गटातील एकाच विद्यार्थिनीने पाचव्या प्रश्नाचे उत्तर बरोबर लिहिले होते. त्या गटात नापास झालेली विद्यार्थिनीही तीच होती, आणि ती एकटीच.

तिचे नाव द्वारका सांडू गाडेकर. जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीजवळच्या एका वस्तीवर ती लहान मुलांची शाळा चालवत असे. गावातल्या एका शिक्षणसंस्थेने आपल्या हायस्कूलमधली विज्ञानशिक्षकाची जागा तिच्यासाठी जूनपर्यंत मोकळी ठेवली होती. तोवर विज्ञान-अध्यापनाची पदविका हातात असली पाहिजे, एवढीच अट होती. पदविका मिळाली नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार, हे तिला, संस्थेला आणि आमच्या केंद्राला ठाऊक होते.

पदविकेचे बहुतेक विद्यार्थी नोकरी करणारे शिक्षक होते आणि ते जिल्हाभर विखुरलेले होते. महिन्यातून एका रविवारी ते जालन्याला येत. एरवी आपापल्या गावच्या नेट कॅफेत बसून ते ‘चर्चामंचा’वर लिहीत. दर आठवड्याला मंचावर एक प्रश्न ठेवला जाई. प्रत्येकाने आपले मत मांडायचे आणि दुसऱ्याच्या मतावर आपले म्हणणे द्यायचे, अशी पद्धत होती. या लिखाणाला गुण होते आणि दोन्ही सत्रांत त्यात वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागे. द्वारकाने दुसऱ्या सत्रात मंचावर एक अक्षर लिहिले नव्हते. म्हणून ती नापास.

मंच उभा केला होता केंद्राच्या समन्वयक नंदा मॅडम यांनी. मी पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो होतो. मंचाचा खरोखर उपयोग होतो की नाही, हे एखाद्या शंकेखोर माणसाने तपासावे, असे त्यांनीच ठरवले आणि मला बोलावले.

“जे मंचावर जास्त लिहितात, त्यांचे गुण चांगले आहेत,” त्या म्हणाल्या.

“ज्यांना येतं ते लिहितात, एवढंच यातून निघतं. लिहिल्यामुळे येतं, हे निघत नाही.”

“सर, तुम्ही सत्कार घ्यायला आलात तरी हाराचं वजन विचाराल.”

“वजन सांगणारा भेटला तर विचारीन.”

त्या हसल्या आणि द्वारकाचे पहिल्या सत्रातले लिखाण त्यांनी माझ्यासमोर उघडले.

त्या आठवड्याचा विषय उष्णता होता. द्वारकाने लिहिले होते की घोंगडी मुळात गरम असते, म्हणून ती पांघरली की थंडी वाजत नाही. तिचे माहेर मेंढरे पाळणारे, त्यामुळे घोंगडीबद्दल आपल्याला सगळे कळते असा तिचा सूर होता. त्यावर जालन्याच्या मच्छिंद्र नावाच्या शिक्षकाने उत्तर दिले होते: “द्वारका, मग बाजारातला बर्फवाला बर्फ पोत्यात का गुंडाळतो? पोतंही गरमच असेल. बर्फाचं पाणी व्हायला पाहिजे.” यानंतर काही दिवस ती गप्प होती. मग तिचा मजकूर आला. आठवडी बाजारातून बर्फाचे दोन सारखे तुकडे आणून तिने एक उघडा ठेवला आणि एक घोंगडीत गुंडाळला. उघडा तुकडा आधी संपला. “मच्छिंद्र, माझे चुकले. घोंगडी उष्णता देत नाही, अडवते. आतली बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरचीही आत येऊ देत नाही.”

हे वाचून मी खुर्ची पुढे ओढली. तिची समजूत आधी चुकीची होती. ती उघड्यावर आली, कोणीतरी हटकली, तिने पडताळून पाहिली आणि दुरुस्त केली. सगळा क्रम तारखांसह समोर होता. नुसते पाठ्यपुस्तक वाचून ती चुकीची समजूत तिच्याजवळच राहिली असती, कारण पुस्तकाला ती दिसलीच नसती. पहिल्या सत्रात अशी आणखी उदाहरणे सापडली, काही तिची, काही इतरांची. मंचाचा उपयोग होतो, असे मी कागदावर लिहिले आणि पुढे ‘निदान पहिल्या सत्रात’ हे शब्द जोडले.

दिवाळीच्या सुमारास काही विद्यार्थी गळाल्यामुळे तीन गटांचे दोन करण्यात आले होते. द्वारका आणि मच्छिंद्र यांच्या गटात नवी माणसे आली. त्यांच्यात ज्येष्ठ होते बद्रीनाथ कारभारी शेजूळ, घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगावच्या बाजूला एका शाळेचे मुख्याध्यापक.

दुसऱ्या सत्राचा विषय वीज होता. प्रश्न असा: एका सेलला दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडले, तर कोणता जास्त उजळेल? बद्रीनाथांनी लिहिले होते की पहिला. पाटाच्या पाण्याचे उदाहरण त्यांनी दिले होते. वरच्या शेताने पाणी घेतले की शेवटच्या शेताला कमीच पोचते, तसा पहिला दिवा वीज खातो आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. उदाहरण झकास होते आणि चूक होते. गटातल्या एकेकाने त्याला दुजोरा दिला. मच्छिंद्रही पाटाच्या पाण्यात वाहून गेला. परीक्षेत हाच प्रश्न पाचवा म्हणून आला आणि साऱ्या गटाने पाट लिहिला. दोन्ही दिवे सारखेच उजळतील, असे एकट्या द्वारकाने लिहिले. सायकलच्या साखळीची जी कडी पायडलच्या दातेरी चाकावरून जाते तीच मागच्या दातेरी चाकावर येते, मध्ये कोणी खात नाही, असे तिचे उदाहरण होते. पुढे एक वाक्य होते: “मी दिव्यांची अदलाबदल करूनही पाहिले.”

“तुम्ही मध्ये का पडला नाहीत?” मी नंदा मॅडमना विचारले.

“शिक्षकानं उत्तर द्यायचं नाही, गटानं शोधायचं, असं ठरलं होतं. कोणीतरी हरकत घेईल म्हणून मी वाट पाहत राहिले.”

“जिला हरकत होती, ती गप्प होती.”

“तेच तर कळत नाही. ती मंचावर येत होती, सर.”

यंत्रात नोंद होती. द्वारकाने दुसऱ्या सत्राचे प्रत्येक पान उघडले होते, पाटाच्या पाण्याचे पुन:पुन्हा. म्हणजे वीज नव्हती, कॅफे बंद होता, प्रकृती बरी नव्हती, ही सगळी कारणे बाद झाली. विषय अवघड गेला हे कारण उत्तरपत्रिकेनेच बाद केले होते.

कारण शोधण्याची घाई होती. विद्यापीठाच्या नियमात एक वाट होती: विद्यार्थ्याला लिहिता न येण्याचे सबळ कारण असेल, तर केंद्राने ते महिन्याभरात लेखी कळवावे, फेरविचार होईल. नंदा मॅडमनी माझ्यासमोर द्वारकाला फोन लावला आणि मलाही ऐकू यावे म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

“द्वारका, तू लिहिणं का थांबवलंस?”

“काही न्हाई मॅडम. जमलं न्हाई.”

“लाइट नसायची का?”

“यायची जायची. पन मी कॅफेत जात होते बराबर. समदं वाचून राह्यले होते.”

“घरी कोणी नको म्हणालं?”

“न्हाई वो. घरचे बिलकुल चांगले हायेत. सासूबाईच म्हनायच्या, जल्दी जा, लाइट जायच्या आत लिहून ये.”

“मग?”

“मंग काय मॅडम. माझंच चुकलं म्हना अन् सोडून द्या.”

फोन ठेवल्यावर नंदा मॅडम म्हणाल्या, “सोडून देणार नाही. जाऊ या.”

आम्ही एसटीने टेंभुर्णीला पोचलो तो दिवस अक्षय तृतीयेचा होता, हे घरात पाऊल टाकल्यावर ध्यानात आले. पितरांची घागर मांडलेली होती आणि आंब्यांचा वास सुटला होता. द्वारकाचा नवरा भुजंग मेंढरांकडे गेला होता. सासू झुंबरबाईंनी सतरंजी टाकली. द्वारका तिशीच्या अलीकडची, काटक, बोलताना हात हलवणारी. नापास झाल्याची गोष्ट काढताच ती जमिनीकडे पाहू लागली, म्हणून मी दिव्यांचे विचारले. ती उठली आणि फळकुटावर बसवलेले टॉर्चचे दोन दिवे घेऊन आली.

“अदलाबदल का केली?” मी विचारले.

“आता दोन्ही सारखे दिसले, तरी कोनी म्हनलं असतं ना सर, का तुझा एक दिवा दमदार असंल अन् एक मरतुकडा. म्हनून जागा बदलल्या. तरीबी सारखेच. मंग म्हनलं, ह्ये पाटासारखं न्हाई. पाटात पानी मुरतं. तारंत काय मुरतं? ह्ये सायकलच्या साखळीसारखं हाये. साखळी जशी...”

बाहेर मोटारसायकल थांबली. द्वारकाने वाक्य तिथेच सोडले, पदर डोक्यावर ओढला, आणि फळकूट तसेच ठेवून ती आतल्या खोलीत गेली.

आत आले ते बद्रीनाथ शेजूळ. नंदा मॅडम त्यांना रविवारच्या वर्गांमुळे ओळखत होत्या.

“बद्रीनाथ! तुम्ही इथे?”

“माझंच घर हाये मॅडम. सनाला आलो. घागर थोरल्यानं भरावी लागती.”

“मग द्वारका तुमची...”

“धाकट्याची मंडळी. भुजंगाची.”

केंद्राच्या यादीत द्वारकाचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे, माहेरचे होते. त्यामुळे हे नाते यादी पाहून कोणाला कळणे शक्य नव्हते. यादीतल्या दोघांना मात्र ते ठाऊक होते.

चहाचे कप आतून उंबऱ्यापर्यंत आले. तिथून झुंबरबाईंनी ते आमच्यापुढे ठेवले.

“माय, मला बिनसाखरेचा म्हनाव,” बद्रीनाथ म्हणाले.

“बिनसाखरेचाच हाये म्हनती,” झुंबरबाईंनी दाराकडे न वळताच सांगितले.

नंदा मॅडमनी आत हाक मारली. “द्वारका, ये ना बाहेर. साखळीचं राहिलंच की. बद्रीनाथना पण सांग.”

झुंबरबाई हसल्या.

“आवो बाई, ती कशी सांगंल? थोरले हायेत तिचे. थोरल्या दिरापुढं बोलत न्हाई. नाव सुदीक घेत न्हाई कोनी.”

“नावही घ्यायचं नाही?”

“तुमच्यात घेत असतेन. शेहरात समदंच चालतं.”

नंदा मॅडम माझ्याकडे वळल्या. मंचाचा पहिला नियम त्यांनीच केला होता आणि तो मी अनेकदा वाचला होता: मंचावर कोणी सर नाही, कोणी मॅडम नाही, ज्याला उत्तर देता, त्याचे नाव लिहून सुरुवात करा.

बद्रीनाथांना हे कळायला थोडा वेळ लागला. कप खाली ठेवून ते म्हणाले, “मी गटात आलो अन् तिनं लिहिनं सोडलं, असं म्हनता?”

“नोंद तसं सांगते,” मी म्हणालो.

“मला वाटलं, कापसाच्या वेचनीत सवड न्हाई. म्हनून मीच लिहून राह्यलो दोघांच्या वाटचं. म्हनलं, आपल्या घरचं मानूस गप हाये, गट मागं पडू नये.”

“तिला एकदा विचारायचं,” नंदा मॅडम म्हणाल्या.

“कसं इचारू मॅडम? माझं तिच्याशी बोलनंच न्हाई. लगीन होऊन आली तव्हापासून न्हाई. जे काय असंल ते मायच्या तोंडून.”

“मग मायच्या तोंडून.”

“मायला काय सांगू? इंटरनेटवर मला नावानं हाक मार अन् चुकलं म्हन, असं सांग म्हनू?”

“मला काय म्हाईत तुमचं इंटरनेट,” झुंबरबाई म्हणाल्या. “तू सांगितलं असतं तर मी सांगितलं असतं.”

बद्रीनाथांनी जमिनीवरचे फळकूट उचलले. वायर सेलला टेकवली. दोन्ही दिवे लागले, सारखेच. ते बराच वेळ पाहत राहिले.

“माय, तिला इचार, ह्ये तिला तव्हाच ठाऊक व्हतं का.”

झुंबरबाई दारापर्यंत गेल्या आणि आल्या. “व्हतं म्हनती. दिवाळी झाल्याझाल्याच करून पाह्यलं म्हनती.”

“मंग पाटाचं काय चुकलं, इचार.”

“पाटात पानी मुरतं म्हनती. तारंत मुरत न्हाई. साखळी म्हनती.”

“कशाची साखळी?”

“सायकलीची. आता मला नको इचारू, म्हंजे मलाच इचार, पन दमानं. पायडलच्या दातेरी चाकावर जेवढी कडी जाती तेवढीच मागं येती म्हनती. मधी कोनी खाऊन घेत न्हाई.”

“मंग दिवा उजळतो कशावर? काहीतर खर्चा होत असंल ना?”

मग झुंबरबाई म्हणाल्या, “साखळी खर्चा होत न्हाई म्हनती. पायडल मारनाऱ्याचा दम खर्चा होतो. सेल म्हंजे पायडल मारनारा. आता झालं का तुझं? माझी पुरनाची कढई हाये चुलीवर.”

बद्रीनाथांनी वायर काढली, पुन्हा टेकवली, दिव्यांच्या जागा बदलल्या आणि पुन्हा टेकवली. “बराबर हाये,” ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. “माय, तिला सांग, बराबर हाये.”

साऱ्या सत्रात त्यांच्या गटात जे घडायला हवे होते, ते त्या उंबऱ्यावर एका चहात घडले. चुकीची समजूत उघड झाली, हटकली गेली, पडताळली गेली, दुरुस्त झाली, आणि तिच्यापुढचा अवघड प्रश्नही विचारला गेला. मंचावर नेमका हाच क्रम होतो, हे मी पहिल्या सत्रात पाहिले होते. ‘निदान पहिल्या सत्रात’ हे शब्द तसेच ठेवून मी त्यांच्यापुढे लिहिले की चर्चेत असहमत माणूस बोलत असेल तरच उपयोग होतो. तो गप्प असेल तर चर्चा चूक पक्की करते.

निघताना द्वारका अंगणात आली. बद्रीनाथ तोवर परड्याकडे गेले होते.

“फोनवर का सांगितलं नाहीस?” नंदा मॅडमनी विचारले.

“काय सांगनार मॅडम? थोरल्यांमुळं लिहिता येत न्हाई म्हनलं असतं, तर त्यांच्यावरच गेलं असतं. त्यांनी तर मला कधी काही म्हनलं न्हाई. त्यांच्यावर कशाला घालू?”

“दुसऱ्या गटात टाका, एवढं जरी म्हणाली असतीस.”

“का म्हनून इचारलं असतं तुम्ही.”

नंदा मॅडमनी विचारलेच असते.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. “नावाचा नियम मी का केला, माहीत आहे? रविवारच्या वर्गात बायका ‘सर, सर’ करत आणि मान खाली घालून बसत. म्हटलं, मंचावर नुसती नावं ठेवू, म्हणजे सगळे सारखे. नियमानंतर बायका लिहू लागल्या, सर. ही सुद्धा लागली.”

“तो नियम चालला, हे मी अहवालात लिहिलं आहे.”

“आणि हे?”

“हेही लिहीन.”

अर्ज वेळेत गेला. उत्तरही वेळेत आले. आजारपण, बाळंतपण, बदली आणि नैसर्गिक आपत्ती ही चारच कारणे ग्राह्य होती आणि आमचे कारण त्यांत बसत नव्हते. पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवावे, असे कळवले होते. जूनमध्ये टेंभुर्णीच्या हायस्कूलवर विज्ञानाचा शिक्षक परगावाहून आला. द्वारकाने पुढच्या वर्षी नाव नोंदवले नाही. नंदा मॅडमनी मंचावरचा नियम बदलला. आता नावाऐवजी मजकुराचा क्रमांक लिहिला तरी चालत असे. शिवाय गट करताना प्रत्येकाला ‘या यादीतील कोणासोबत गट नको?’ असे विचारले जाई आणि कारण विचारले जात नसे. हे दोन्ही बदल करायला एक दुपार पुरली.

माझ्या अहवालातली संबंधित नोंद अशी आहे. दुसऱ्या सत्रात द्वारका सांडू गाडेकर हिचे लेखन थांबले, कारण गटांच्या फेररचनेत तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ तिच्या गटात आले. मंचाच्या नियमानुसार उत्तर देताना त्यांचे नाव लिहिणे आणि ते चुकत असल्यास तसे म्हणणे आवश्यक होते; दुसऱ्या कोणाला उत्तर दिले असते, तरी ते त्यांच्यापुढे बोलणेच झाले असते. त्यांच्या घरात धाकट्याची बायको थोरल्या दिराचे नाव घेत नाही आणि त्याच्याशी बोलत नाही, आणि दीरही तिच्याशी बोलत नाही. दोघांपैकी कोणाचाही दुसऱ्याला विरोध नव्हता. केंद्राने विचारले नाही आणि तिला सांगता येत नव्हते. याखेरीज दुसरे कारण आढळले नाही.